गाडी चढ चढेना, मास्तर ऐकेना

हसणार असाल तर आधीच हसून घ्या बाबांनो, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवायचो आणि एक सेकंडहँड गाडी घेतली होती. पहिल्याच दिवशी बायकोला, म्हणजे सुनंदाला, बजावून टाकलं, "ही गाडी कंपनीच्या वर्कशॉपचं तोंड बघणार नाही. ते लोक धडधाकट गाडीला आजारी पाडतात. इंजिन म्हणजे शेवटी काय? आठवीचं विज्ञान!"

झालं! दिवाळीनंतर गाडी चढावर दम टाकायला लागली. सपाटीला ठीक, चढ आला की मेली. आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीत सपाट जागा किती? मांडवीची जेटी सोडली तर कुठे आहे?

पहिल्या रविवारी मी एअर फिल्टर काढून धुतला. दुसऱ्या रविवारी प्लग काढले, घासले, लावले. तिसऱ्या रविवारी सरळ कार्बोरेटरच खोलला. शेजारचे सावंतकाका कुंपणावरून बघत होते.

"मास्तर, परत लागेल ना हो ते?"

"काका, विज्ञान आहे हे!"

लागलं. पण गाडी आता सपाटीलाही खोकायला लागली.

तेवढ्यात सुनंदाची लांज्याच्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत आली. पंधरा वर्षं ती या जागेची वाट बघत होती. मी ऐटीत म्हटलं, "एसटी कशाला? मी सोडतो ना!"

पहिल्याच मोठ्या चढावर गाडीने मान टाकली. मी पाय दाबतोय, गाडी कण्हतेय, मागे ट्रकवाला हॉर्न बडवतोय. सुनंदाने घड्याळ बघितलं, फाईल छातीशी धरली, उतरली आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. चढता चढता म्हणाली, "तुम्ही या सावकाश, तुमचं विज्ञान घेऊन!"

ती वेळेत पोचली. जागाही तिला मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चहाच्या कपाखाली चिठ्ठी होती. त्यावर वर्कशॉपचा फोन नंबर.

गेलो मुकाट्याने मिरजोळ्याच्या वर्कशॉपला.

तिथे कांबळे म्हणून फोरमन होते. पन्नाशीचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल. मी त्यांना चढ, दाब, हवा, इंधन असं सगळं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालू करा बघू."

मी इंजिन चालू केलं. कांबळ्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. समेची वाट बघणारा तबलजी बसावा ना, तसे! वर्कशॉपमध्ये ही ठोकाठोकी, पण त्या माणसाला माझ्याच गाडीचं ऐकू येत होतं.

"कार्बोरेटर खोललात ना सर?"

मी नुसती मान डोलावली.

"स्क्रू दीड आटा जास्त फिरलाय. आणि एक प्लग सैल हाय."

अहो, अंगावर काटा आला माझ्या! बॉनेट उघडून त्यांनी प्लग आवळला, स्क्रू जरासा फिरवला, बस्स. खोकला गायब! इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागलं. वीस वर्षं मी ध्वनी शिकवला, पण ऐकणं म्हणजे काय ते त्या दिवशी बघितलं.

"पण हे तुमच्या खोलाखोलीचं झालं सर. चढावरचं दुखणं वेगळं." असं म्हणून ते माझ्या सीटवर बसले, पाय एकदा खाली दाबला आणि थांबले. मग वाकले आणि पायाखालून काथ्याचं जाडजूड पायपुसणं ओढून काढलं. दुहेरी घडीचं!

"हे कोणी घातलं?"

कोणी म्हणजे? मीच! लाल मातीने गाडी खराब होते म्हणून दिवाळीत हौसेने घातलं होतं. तेच सरकत सरकत अ‍ॅक्सिलरेटरखाली जाऊन बसलं होतं. पेडल जेमतेम निम्मं दाबलं जात होतं, आणि मी तीन रविवार इंजिनाचं पोट फाडत होतो!

"कांबळे, तुम्ही देवमाणूस आहात," मी म्हटलं. खरंच, हात जोडले मी.

"काय नाय हो सर. ज्याची तक्रार, त्याच्या जागेवर बसून बघायचं."

काय वाक्य आहे! ते मनात घोळवत मी गाडीत बसलो, पहिला गिअर टाकला आणि निघालो. आता झालं असं, की दीड महिना माझ्या पायाला सवय लागली होती सगळा जोर लावून दाबायची. दाबला! पेडल या वेळी पार तळाला गेलं आणि गाडी उधळलेल्या बैलासारखी समोरच्या जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या गडग्यावर जाऊन आदळली.

बंपर लोंबला. रेडिएटरमधून वाफ. सगळं वर्कशॉप हातातलं काम टाकून बाहेर आलं.

कांबळे सावकाश चालत आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच, अगदी अदबीने म्हणाले,

"सर, लागलं नाय ना तुम्हाला? मग एक विनंती हाय. हे तरी घरी खोलू नका!"