एल्वा नुस्केचा कागद

“मान वर, डोळे समोर. खाली बघितलं की मळमळतं.”

एल्वा नुस्के हे वाक्य पहिल्यांदा कधी बोलली, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुलरापच्या शाळेची बस तिने उमेदीची सगळी वर्षं चालवली. मिठाच्या तळ्याला वळसा घालून जाणारा मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना नजर थकेपर्यंत गहू, आणि मागच्या बाकांवर मान खाली घालून पिवळी पडलेली पोरं. आरशात तिला सगळं दिसायचं. ती ओरडायची आणि पोरं माना वर करायची. पुढे शाळा बंद झाली, बस भंगारात गेली, पण वाक्य टिकलं. ते शनिवारच्या फुटबॉलच्या मैदानावर आलं. कुलरापचे खेळाडू मार खाऊ लागले, त्यांची नजर गवतात रुतली, की कुंपणाला लावलेल्या तिच्या गाडीपासून तो आवाज निघायचा. संघातले बहुतेक जण तिच्या बसमधूनच लहानाचे मोठे झालेले. दाढ्या आल्या, लग्नं झाली, तरी तो आवाज आला की माना आपसूक वर व्हायच्या.

एल्वा बुटकी होती, रुंद होती, आणि वाऱ्यात उभी राहिली तर वाऱ्यालाच वळून जावं लागेल अशी होती. गळ्यात क्लबच्या रंगांचा किरमिजी-पांढरा मफलर, स्वतः विणलेला. नवऱ्याला, ओट्टोला, फुटबॉलचं वावडं. शनिवारी तो मेंढ्यांत जाऊन बसायचा. “त्या निदान दर आठवड्याला हरत नाहीत,” असं म्हणायचा. एल्वा त्याला त्या दिवशी थंड मटण वाढायची, आणि दोघांचा संसार सुखाचा होता.

गावाला एल्वा माहीत होती ती तिच्या कागदासाठी. आमच्याकडे सामना सुरू होण्याआधी संघ कागदाचा भलामोठा पडदा फाडून मैदानात उतरतो. शहरातल्या मोठ्या संघांचे पडदे ढीगभर माणसं मिळून करतात. कुलरापचा पडदा एल्वा करायची. क्रेपच्या सुरकुतलेल्या कागदाच्या पट्ट्या क्लबच्या लाकडी जमिनीवर अंथरायच्या, गुडघ्यांवर रांगत एकीला एक चिकटपट्टीने जोडायच्या, वर पांढरी अक्षरं डकवायची, आणि वारा आरपार जावा म्हणून जागोजागी अर्धचंद्रासारखे काप द्यायचे. ते काप कुठे द्यायचे हे सांगून येत नाही. कमी दिले तर वारा पडद्याचं शीड करतो, जास्त दिले तर पोरं यायच्या आधीच चिंध्या होतात. दोन बाजूंना शेतातल्या जुन्या पाइपांचे खांब. गुरुवार-शुक्रवार दोन संध्याकाळी खपून केलेली ती वस्तू शनिवारी डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकायची. पूर्वी हे करायला आठ-दहा बायका जमायच्या, चहा व्हायचा, गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या व्हायच्या. आता उरल्या होत्या एल्वा आणि तिची मैत्रीण नोरीन क्विल्टी. नोरीनचा एक खांदा निकामी होता, पण जीभ शाबूत होती.

त्या हंगामात कुलराप एकही सामना जिंकला नव्हता. एखादा संघ हरतो, तसा हा हरत नव्हता. गाडीखाली ससा यावा तसा हरत होता. तरणी पोरं कामासाठी शहराकडे गेलेली. उरलेल्यांत एकाचा गुडघा सुजलेला, दुसऱ्याला तान्हं बाळ. त्यातच शेजारच्या जेरिंगा गावच्या कुणीतरी दोन फोटो शेजारी शेजारी लावून फोनवरून जिल्हाभर फिरवले. एकात एल्वाचा पडदा, त्यावर लिहिलेलं: सारस झेप घेणार. दुसऱ्यात सामन्यानंतरचा गुणफलक. सारस हे आमच्या संघाचं नाव. खाली कुणीतरी लिहिलं होतं, “कोंबडीसुद्धा याहून उंच उडते.”

बुधवारी संध्याकाळी कर्णधार केल ट्रेगेन्झा एल्वाच्या दारात आला. बूट बाहेर काढून, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. सहा फुटांचा गडी, पण त्या घरात तो नेहमी जरा वाकूनच उभा राहायचा.

“मिसेस नुस्के, एक विनंती होती.”

“बैस आधी. छताला काय आधार देतोयस?”

तो बसला. समोर आलेल्या केकला त्याने हात लावला नाही, तेव्हाच एल्वाला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

“शनिवारी पडदा नको,” केल म्हणाला. “पोरांनी सांगायला लावलंय. आम्ही तो फाडतो, दोन क्षण शूर वाटतं, आणि मग समोरचे दुपारभर आम्हाला फाडतात. लोक हसतात हो. लहान पोरं हसतात.”

“हसू देत. दात दिसतील त्यांचे.”

“तुम्हाला सोपं आहे.”

“मला?” एल्वाने किटली खाली ठेवली. “केल, पहिलीत असताना तू माझ्या बसच्या पायरीवर ओकलास, आठवतं? सगळी बस हसली. दुसऱ्या दिवशी तू रस्त्यावर येईनास. मी हॉर्न वाजवत उभी राहिले. तुझी आई आतून ओरडली, ‘जा बाई, तो येत नाही.’ मी काय केलं?”

“उभ्या राहिलात.”

“आणि सगळ्या पोरांना शाळेला उशीर झाला. पण आलास की नाही?”

केलला हसू आलं, पण टिकलं नाही. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. शनिवारी सामना संपला की क्लबमध्ये सभा होती. अध्यक्ष व्हर्न लोरिमर खेळाडूंना विचारणार होता, हंगामाचे उरलेले सामने खेळायचे की सोडून द्यायचे. सोडून द्यायचं पोरांचं मन झालेलंच होतं. आणि लीगचा नियम सगळ्यांना पाठ होता: हंगाम मध्येच सोडला की क्लबचं नाव यादीतून जातं. एकदा गेलेलं नाव आमच्या भागात परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आसपासची चार मैदानं अशीच गेली. आता त्यांच्या गोलखांबांना मेंढ्या अंग घासतात.

“आणि तुझं मन?” एल्वाने विचारलं.

“मी दमलोय, मिसेस नुस्के.”

“दमलास तर झोप. पडदा होणार.”

गुरुवारी नोरीनने कागदाचे गुंडाळे मोजून भुवया उडवल्या. “अगं, नेहमीच्या दीडपट आहे हे! पोरांना नको झालाय, आणि तू तंबू शिवायला काढलास?”

“लहान केला तर त्यांना वाटेल मी ऐकलं.”

“आणि फाडलाच नाही तर?”

एल्वा गुडघ्यांवर होती. दातांत चिकटपट्टी धरलेली. त्या संध्याकाळी तिने दिलेले काप नेहमीपेक्षा बारीक आणि दाट होते. नोरीनने ते पाहिलं. दुपारभर वाऱ्यात टिकावा असा कागद एल्वा करत होती. अक्षरं फारशी नव्हती. अजून इथेच आहोत. बस, एवढंच.

शनिवार थंड आणि लख्ख उजाडला. मैदानापलीकडे मोहरीसारखी पिवळी शेतं पेटल्यासारखी दिसत होती, धान्याच्या कोठारावर गुलाबी काकाकुव्यांचा कलकलाट चालला होता. सामना जेरिंगाशीच होता, आणि त्यांच्या गाड्या सकाळपासूनच कुंपणाला नाकं लावून उभ्या. खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीचा वास, बाटलीतला टोमॅटो सॉस, मांडीवर घोंगड्या. एल्वा आणि नोरीनने खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या दारासमोर खांब उभे केले. पडदा ताणला गेला. वाऱ्याने त्याला हलवून पाहिलं आणि सोडून दिलं.

दार उघडलं. केल पुढे, मागे बाकीचे. धावत आले, पडद्यापासून चार पावलांवर आले, आणि केल डावीकडे वळला. त्याच्यामागे सगळी रांग वळली. पाणी दगडाला वळसा घालतं तशी पोरं पडद्याला वळसा घालून मैदानात गेली. कुणीही वर पाहिलं नाही.

गाड्यांमधली माणसं पुढे वाकून बघू लागली. मग जेरिंगाच्या बाजूने एक भसाडा आवाज आला, “आजीबाई, घरी न्या! न्हाणीघराला लावा!”

“तुझ्या घरात न्हाणीघर आहे हे ऐकून बरं वाटलं!” नोरीन तिकडून ओरडली. “इतक्या लांबून वासावरून कळत नव्हतं!”

हशा पिकला, पण एल्वा हसली नाही. मैदानातला पंच शिट्टी तोंडात धरून आला. “बाई, हे बाहेर न्यावं लागेल.”

“नेते.”

दोघींनी पडदा उचलला, पण गुंडाळला नाही. सीमारेषेबाहेर, कुंपणाच्या आत, दक्षिणेकडच्या गोलापाशी तो पुन्हा उभा केला. नोरीनच्या बाजूचा खांब कुंपणाला दोरीने आवळला. दुसरा खांब एल्वाने धरला.

“बांध की गाडीला,” नोरीन म्हणाली.

“नाही. मी धरणार.”

आणि तिने धरला. चार डावांपैकी पहिला गेला, जेरिंगाने गोलांची रास घातली, प्रत्येक गोलाला वाजून त्यांच्या गाड्यांचे हॉर्न थकले. दुसरा गेला, तिसरा गेला. वारा उत्तरेकडून वाढला. कागद फुगायचा, कापांमधून शिटी वाजवत वारा पलीकडे जायचा. एक जोड सुटला. नोरीनने चिकटपट्टी लावली आणि तोंडाने एल्वाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चेंडू दक्षिणेकडे आला की पोरांना तो कागद दिसायचा. न पाहण्याचा ते प्रयत्न करायचे. एवढी मोठी गोष्ट न पाहायला मान फार वाकवावी लागते.

शेवटच्या डावाआधी आमच्याकडे प्रेक्षक मैदानात जातात, आपल्या संघाभोवती कडं करून प्रशिक्षकाचं बोलणं ऐकतात. गावातली मोजकी माणसं गेली. एल्वा जागची हलली नाही. केलच कडं सोडून तिच्याकडे आला. ओठ फुटलेला, गुडघ्याला चिखल.

“खाली ठेवा हो आता. हात दुखत असतील तुमचे.”

“माझे हात मी बघीन.”

“मला लाज वाटते.”

“कशाची? हरायची?” एल्वाचा आवाज चढला नाही. “हरतोस तर हर. मी इतकी वर्षं हरलेलाच संघ बघतेय. मला त्याची सवय आहे. पण जेरिंगावाले हसतील म्हणून स्वतःच्या रंगाला वळसा घालून गेलास? ते मी आज पहिल्यांदा पाहिलं.”

केलने फुटलेला ओठ मनगटाने पुसला. काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात पंचाने बोलावलं.

शेवटचा डाव काही बदलला नाही. तसं सांगितलं तर ते खोटं होईल. एक गोल कुलरापने मारला, त्या सुजलेल्या गुडघ्याच्या पोराने, तोही वाऱ्याच्या कृपेने. आमच्या सहा-सात गाड्यांनी हॉर्न इतके वाजवले की कोठारावरचे काकाकुवे उडाले. बाकी सगळं जेरिंगाचं. सामना संपल्याचा सायरन झाला तेव्हा गुणफलकाकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

हस्तांदोलनं झाली. पोरं खोल्यांकडे निघाली. केल निघाला, थांबला, आणि दक्षिणेकडे वळला. चालत चालत एल्वासमोर आला, कागदाला छाती लावली आणि पुढे रेटलं. क्रेपचा कागद ताणला गेला, त्याच्या तोंडाला चिकटला, पण फाटला नाही.

“चालत आलास तर फाटत नाही तो,” एल्वा म्हणाली. “मागे जा. धावत ये.”

“पायात जीव नाही, मिसेस नुस्के.”

“मग मी थांबते.”

केलने तिच्याकडे पाहिलं. मग लंगडत मागे गेला, बराच मागे, आणि वळला. तो धावला ते काही देखणं नव्हतं. थकलेला बैल उतारावरून यावा तसा आला. पण आला. बंदुकीचा बार व्हावा तसा कागद फाटला. एल्वाच्या हातातला खांब असा हिसकला की ती दोन पावलं मागे गेली, पण खांब सुटला नाही.

खोल्यांच्या दारापाशी गेलेली पोरं थबकली होती. सुजलेला गुडघा आधी वळला, मग तान्ह्या बाळाचा बाप. मग बाकीचे, एकेक, दोघे दोघे, उरल्यासुरल्या लक्तरांतून धावत गेले. तिघे आले नाहीत, सरळ आंघोळीला गेले. केलने त्यांना हाक मारली नाही. घामावर कागदाचा रंग उतरून त्याचं सगळं तोंड किरमिजी झालं होतं. व्हर्न लोरिमर सभेचे कागद काखेत धरून बोलवायला आला, तर केल त्याला म्हणाला, “सभेत विचारायचं ते विचार. मी इथेच सांगतो. मंगळवारी सराव आहे. जितके येतील तितके.”

“आणि कमी पडले तर?” व्हर्न म्हणाला.

“तर तू बूट घाल.”

पोरं हसली. व्हर्नने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि तोही हसला.

एल्वा तिथे नव्हती. तिने कुंपणाची दोरी सोडली होती, खांबांवरच्या चिंध्या झटकल्या होत्या आणि दोन्ही पाइप खांद्यावर घेतले होते. नोरीनने “एक मला दे” म्हटलं, तर तिने मान हलवली. कडेने जायचं सोडून ती सरळ मैदानाच्या मधून निघाली, जिथे खेळाडूंनी तुडवलेला चिखल सगळ्यात जास्त होता. बुटात चिखल गेला तरी तिने चाल बदलली नाही. जेरिंगाच्या गाड्या अजून गेल्या नव्हत्या. तो भसाड्या आवाजाचा माणूस बॉनेटवर पाय ठेवून उभा होता. त्याच्या बोटांवर सॉस ओघळत होता, तो त्याने पुसला नाही. गोल झाल्याचं झेंड्यांनी सांगणारा पांढऱ्या कोटातला पंच आपले झेंडे काखेत धरून थांबला होता. केल कुंपणाला टेकून उभा होता. पाइपांची टोकं तिच्या मागे डुलत गेली, लहान होत गेली, आणि ती मैदानापलीकडच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत कुणीही गाडी चालू केली नाही.