चिखलदऱ्याची तिसरी खोली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही. ते गेले त्या आजारपणात आम्हाला बोलायला भरपूर वेळ होता, मी दिवसभर उशाशी बसलेली असायची, आणि तरीही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात त्यांना माझ्याबद्दल चांगलं बोलायची सवय लागली आहे—आणि ती सवय मीच लावली आहे.

आमचं राहणं अमरावतीला. मी तिथल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत असे. पण ही गोष्ट वरची, चिखलदऱ्याची. सासरे ओव्हरसिअर होते, नोकरीत असतानाच त्यांनी वर एक बंगली बांधली होती. बंगली म्हणायचं आपलं—तीन खोल्या, पुढे पडवी, मागे स्वैपाकघर, वर कवेलूचं छप्पर. खाली ऊन तापलं की ज्यांना परवडायचं ती माणसं पंधरवडा-महिनाभर वर येत आणि आमच्या खोल्या भाड्यानं घेत. सासरे वारल्यावर हे सगळं माझ्याकडे आलं. यांना कचेरीतून सुटी मिळत नसे, मला मे महिना मोकळा असायचा. मी स्वैपाकघरालगतच्या कोठीत राहायची आणि तिन्ही खोल्या द्यायची.

त्याच सुमारास वरच्या कमिटीनं नियम केले. नगरपालिकेला आम्ही कमिटीच म्हणत असू. हंगामात पैसे घेऊन खोली द्यायची तर परवाना हवा. परवाना हवा तर मोरीला पक्की नाली हवी, संडास त्यांनी सांगितलेल्या तऱ्हेचा हवा, भिंतींना दर हंगामाआधी चुना हवा. शिवाय उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे कर, आणि भाड्यानं दिलेल्या घराची घरपट्टी वाढीव. नियम वाईट होते का? आज वाटतं, नव्हते. मे महिन्यात वर पाण्याची ओरड असायची आणि घाणही फार व्हायची, कुणीतरी शिस्त लावायला हवीच होती. पण कर भरणं कुणाला आवडतं? वरच्या बहुतेक घरमालकांनी एकच तोड काढली होती—हे भाडेकरू नव्हेत, आमचे पाहुणे आहेत. पाहुण्याला कर नव्हता. पाहुण्यासाठी परवाना लागत नव्हता.

या कामात मी फार लवकर तरबेज झाले. कमिटीचा कारकून इंगोले म्हणून होता. सायकल हातात धरून चढ चढायचा, पडवीत टेकायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "हे कोन व्हय तुमचे, बाई?" खामगावचे कापसाचे व्यापारी, घरात मारवाडी बोलणारे—ते सासऱ्यांचे मानलेले भाऊ झाले. नागपूरचे एक वकील, सदान्‌कदा खोकणारे, ते माझे मावसभाऊ. बडनेऱ्याचे रेल्वेतले एक मद्रासी साहेब आले, त्यांच्या बायकोला मराठीचा शब्द येत नव्हता—त्यांना मी नणंदेच्या सासरचे केले. त्यांच्या मुलांना पढवून ठेवायची, इंगोलेकाका आले की मला मामी म्हणा. मुलं हौसेनं म्हणायची. इंगोलेला कळत नसेल? कळतच होतं. पण माणूस भिडस्त, आणि चहा चांगला असायचा.

हे मी पाल्हाळ लावून सांगते आहे, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मी तिथे कुणालाही नातेवाईक करत होते. कुणालाही.

वत्सला आणि मी ट्रेनिंगला एकत्र होतो. ती अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. बोर्डिंगात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिच्या घरून आलेली भाकर आणि ठेचा मी तिच्याआधी संपवायची. पुढे तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली, तिला अकोल्यात मास्तरणीची नोकरी लागली, पोस्टातल्या मनोहररावांशी लग्न झालं. दीक्षेनंतरची दोनेक वर्षं झाली असतील, मी शिक्षकांच्या एका सभेसाठी अकोल्याला गेले. ती म्हणाली, मनोहररावांच्या छातीत पाणी झालं होतं, ते काढलं, आता बरं आहे, पण डॉक्टर म्हणतात उन्हाळा अकोल्यात काढू नका, थंड हवेत न्या. मी लगेच म्हणाले, "मग वर ये की. आमची बंगली आहे. महिनाभर राहा."

चार बायकांत म्हणाले. त्या चौघींनी माझ्याकडे कसं पाहिलं ते मला दिसलं. आणि आवडलं.

"खरंच येऊ का व कुसुम?" वत्सलानं विचारलं. "भाडं मात्र तुले घ्या लागीन."

"भाड्याचं पाहू गं," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नव्हते. तिसरी खोली मी तिच्यासाठी राखून ठेवली होती. झाडली, सारवली, दोन खाटा टाकल्या, माठ भरून ठेवला. पहिल्या खोलीत धामणगावच्या एक आजी होत्या, सून आणि नातवंडं घेऊन आलेल्या. दुसरीत मूर्तिजापूरचं एक जोडपं. ती यायची होती त्या सकाळी मी बसच्या वेळेला दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मी तिची वाट पाहत होते—मग काय झालं?

खरं सांगू? काहीच झालं नाही. ती रस्त्यानं येताना दिसली, डोक्यावर ट्रंक, एका हातात पिशवी. मनोहरराव मागून थांबत थांबत येत होते. पडवीत धामणगावच्या सूनबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करून सहज विचारलं, "तुमच्या कोन लागतेत ह्या?"

रोजचा प्रश्न. इंगोले विचारायचा तोच. मावसभाऊ, नणंदेची माणसं, सासऱ्यांचे भाऊ—सगळी उत्तरं तयार असायची. आणि त्या वेळी माझ्या तोंडून शब्द निघेना. "माझी मैत्रीण" एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मैत्रीण म्हटलं की नाव, नावामागून आडनाव, आडनावामागून घराणं—आणि मागे स्वैपाकघर एकच, पाण्याचा हौद एकच. हे सगळं कुणी बोललं नव्हतं. माझ्याच डोक्यात आलं. मी पायऱ्या उतरले आणि तिला फाटकातच गाठलं.

मी तिला म्हणाले, फार वाईट झालं बघ वत्सला, कमिटीनं नियम केलाय, परवाना नसला तर खोली देता येत नाही, माझ्याकडे परवाना नाही, कारकून रोज फेऱ्या मारतो, दंड करतील. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे तुमच्या लक्षात येतंय का? इतके उन्हाळे मी कमिटीला खोटं सांगून माणसं ठेवून घेतली. त्या एका दिवशी मी नियम जसा होता तसा सांगितला.

आणि उतरायच्या जागी कुणाला जातीवरून नाकारता येत नाही, असाही एक कायदा झाला होता. तो मला पाठ होता. नागरिकशास्त्राच्या तासाला मी तो मुलींना शिकवला होता. म्हणून तर मी तो शब्द तोंडातून काढला नाही. कोणता शब्द काढायचा नाही, हे मला शिकल्यामुळेच कळत होतं.

वत्सलानं ट्रंक खाली ठेवली. तिला वाटलं, अडचण खरंच तेवढीच आहे. थोडी हसलीसुद्धा. "मंग पैसे नोको घेऊ ना," ती म्हणाली. "पाव्हने म्हनून राहतो आमी. पाव्हन्याले कायचा परवाना?"

ती तोड मीच काढू शकले असते. मी दर वर्षी काढत होते. आता ती तिनं माझ्या हातात ठेवली होती. आणि मी म्हणाले—हे वाक्य मी आज पहिल्यांदा पुन्हा उच्चारते आहे—मी म्हणाले, "तुम्हाला आमचे नातेवाईक कोण म्हणेल, वत्सला?"

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं की काय हे बघायला. ते फाटकाच्या दगडावर टेकले होते, छाती वरखाली होत होती, माझ्याकडे पाहून त्यांनी नमस्कार केला. त्यांनी ऐकलं नव्हतं. वत्सलानं ट्रंक उचलली. "चला," ती त्यांना म्हणाली, "इथं जागा नाही. परवान्याची भानगड आहे." मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. परतीची बस दुपारी होती. तोवर ती दोघं बसस्टँडवर बसून राहिली.

संध्याकाळी इंगोले आला. म्हणाला, "थे बिमार मानूस आन बाई स्टँडवर बसून होते. इकडूनच आलो म्हनत. तुमच्याकडचे व्हय का?"

"नाही," मी म्हटलं. "पत्ता चुकले होते."

त्यानं चहा घेतला आणि गेला.

माझ्या पाहुण्यांना ते खपलं नसतं, असं मी पुढे बरेच दिवस मनाशी म्हणत राहिले. तेही मला म्हणता येऊ नये, अशी व्यवस्था धामणगावच्या आजींनी दुसऱ्या दिवशीच केली. पडवीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्या बाईले काहून लावून देल्लं व? त्या मानसाले तं धाप लागून रायली होती."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "ते कोण होते तुम्हाला ठाऊक नाही, आजी."

"मले दिसलं ना कोन होते थे. पान्याचं मी माहं येगळं ठेवलं असतं. पन राहू तं देल्लं असतं."

आजींचं मोठेपण मी सांगत नाही. पाणी वेगळं ठेवणारी बाई ती, आणि तसं तोंडावर म्हणणारी. पण ती त्यांना राहू देणार होती. मी, जिनं वत्सलाच्या ताटात जेवण केलं होतं, मी नाही. मग कुणाला भ्याले होते मी? आजाराला म्हणाल, तर खोकणारे वकील महिनाभर ठेवले होते. कमिटीला म्हणाल, तर तिला मी कधीच भ्याले नव्हते. प्रत्येक दार उघडून पाहिलं आहे मी. आत दरवेळी मीच असते.

मनोहरराव त्या पावसाळ्यात गेले. वर राहिले असते तर जगले असते का? मला माहीत नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण त्या प्रश्नाच्या आड मला लपायचं नाही. ते ठणठणीत होऊन शंभर वर्षं जगले असते तरी मी फाटकात जे म्हणाले ते म्हणालेच होते.

मी भेटायला गेले. न जाणं वाईट दिसलं असतं—याच कारणानं गेले, दुसरं नाही. जुन्या शहरातलं ते लहानसं घर बायकांनी भरलं होतं. मनोहररावांची आई भिंतीला टेकून बसली होती. वत्सलानं मला तिच्याजवळ बसवलं आणि सांगितलं, "ही कुसुम. हिच्याकडंच गेलो होतो आमी चिखलदऱ्याले. पन कमिटीचा नियम आडवा आला."

म्हातारीनं माझा हात हातात घेतला. "सरकारी नियमापुढं तू काय करशीन माय," ती म्हणाली. "मनाले लावून नोको घेऊ."

मी वत्सलाकडे पाहिलं. ती चहा ओतत होती. माझं ते वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माझी लाज राखायला? मला तसं वाटत नाही. शेवटच्या उन्हाळ्यात आपल्या मुलाला एका दारावरून परत पाठवलं, आणि का पाठवलं, हे त्या आईला कळू नये, म्हणून तिनं माझा बहाणा स्वतःच्या अंगावर घेतला होता. आणि मी काय केलं? गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "हो ना आजी. नियम फार कडक आहेत वर." म्हातारी माझा हात थोपटत राहिली. मी तो काढून घेतला नाही. चहा प्याले.

पुढच्या हंगामाआधी मी परवाना काढला. नाली बांधली, चुना मारला, माणसामागचा कर भरू लागले. इंगोले म्हणाला, आता कसं, कोनीबी येऊ द्या. साठ सालानंतरच्या वर्षांत तर चिखलदऱ्याला नियमानं चालणारं घर म्हणून कमिटीची माणसं आमच्या बंगलीचं नाव घेत. अमरावतीला एका सभेत अध्यक्षबाईंनी ओळख करून देताना सांगितलं, कुसुमताईंच्या घराचं दार जातपात न पाहता सगळ्यांना उघडं असतं. वत्सला तेव्हा अकोल्याला हेडमिस्ट्रेस झाली होती. माझ्याच ओळीत, दोन खुर्च्या सोडून बसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

सभा संपल्यावर ती मला भेटली, यांच्या तब्येतीचं विचारलं, शाळेतल्या मुलींचं विचारलं. आमच्यात नेहमी एवढंच बोलणं व्हायचं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तिच्या रिक्षाला वेळ होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणाले, अकोल्याला ऊन फार असेल ना या दिवसांत. ती म्हणाली, हो, फार.

आता ती नाही. मी तिची क्षमा मागितली नाही, आणि तुमच्याकडे ती मागत नाही.