पक्की वही

कॉलेजात त्याला सगळे छापखाना म्हणत. अक्षरच तसं होतं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि लहानपणी त्यांनी त्याच्याकडून पुठ्ठ्यांवर इतकी अक्षरं गिरवून घेतली होती की पुढे त्याच्या हाताला वाकडं वळण घेताच येईना. वर्गातल्या साठ जणांची जर्नलं त्याच्या जर्नलावरून उतरायची. त्यात अक्षराइतकाच आकड्यांचाही वाटा होता. प्रयोगाचं उत्तर काय यायला पाहिजे ते पुस्तकात छापलेलं असे. ते आलं नाही तर ‘आणायचं’ कसं, यात छापखान्याचा हातखंडा होता. याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. सर स्वतःच सांगायचे, रीडिंग नीट आणा आणि मग सहीला या.

मार्कांच्या जोरावर तो पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करायला परदेशी विद्यापीठात पोचला. घरातलं कुणी विमानात बसण्याची ती पहिलीच वेळ. तिकडे पाणी काय वेगळं वाहतं का, असं आईने विचारलं होतं.

प्रयोगशाळा तळघरात होती. बारा मीटर लांबीची काचेची पन्हळ, एका टोकाला पंप, आणि वाटेत सहा ठिकाणी मोजपट्ट्या. पंपाचा वेग बदलायचा, पाणी स्थिरावू द्यायचं आणि सहाही ठिकाणी त्याची उंची लिहायची. या पन्हळीवर दोघंच काम करायची, छापखाना आणि एक तिथलीच मुलगी. दोघांच्या वेळा वेगळ्या, टेबलं मात्र शेजारीशेजारी. शेजारणीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिची वही उघडी दिसली की तो नजर दुसरीकडे वळवायचा.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. सगळे त्यांना नावाने हाक मारत. त्याची जीभ काही तशी वळेना, तो मॅडमच म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला पानांवर क्रमांक छापलेली जाड वही दिली आणि नियम सांगितले. जे दिसेल ते इथेच आणि लगेच लिहायचं, शाईने. चुकलं तर एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. छापखान्याने मान डोलावली. पण अशा कोऱ्या करकरीत वहीत ओल्या हातांनी खाडाखोड करायची, हे काही त्याला पटलं नाही. तो चिठोऱ्यांवर आकडे टिपायचा, आणि रविवारी सकाळी खोलीवर आंघोळ करून, पट्टी नि दोन पेनं घेऊन ते वहीत उतरवायचा. चिठोरे मग कचऱ्यात जायचे.

तिसऱ्या आठवड्यापासून चौथी मोजपट्टी त्याला छळायला लागली. तिथलं माप हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्तच यायचं. तो वाकून बघायचा, एक डोळा मिटून बघायचा, पण माप काही हलायचं नाही. आपलीच नजर कच्ची, असं त्याने ठरवून टाकलं आणि रविवारी ते आकडे खाली ओढले. त्यांच्याशी मेळ बसावा म्हणून शेजारचेही थोडे हलवले. आलेख असा देखणा आला की त्याचा फोटो काढून त्याने वडिलांना पाठवला.

चौदाव्या आठवड्यात बाईंनी वह्या तपासायला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला एकट्यालाच बोलावलं.

“फार सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “आता खरी वही दाखव.”

त्याने सांगितलं, हीच ती. मग चिठोऱ्यांचं सगळं सांगावं लागलं. बाईंनी आवाज न चढवता त्याला परिस्थिती समजावली. प्रत्येक आकडा दिसला तसाच उतरवला आहे असं त्याने लिहून दिलं, तर त्यांच्यापाशी उलट पुरावा काहीच नव्हता. मग प्रकरण ताकिदीवर मिटलं असतं. आकडे बदलले असतील तर मात्र विद्यापीठाच्या समितीपुढे जावं लागणार, आणि समिती त्याला घरी पाठवू शकत होती. शुक्रवारपर्यंत विचार कर, त्या म्हणाल्या.

त्याने ताईला फोन केला. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, व्यवहारी होती. सही कर आणि मोकळा हो, असंच ती सांगेल या भरवशावर त्याने तिला सगळं सांगितलं. तिने उलट विचारलं,

“मी पेशंटचा ताप असा आणून लिहिला, तर चालेल का रे तुला?”

शुक्रवारी त्याने बाईंसमोर बसून बदललेल्या आकड्यांभोवती गोल काढायला सुरुवात केली. सहा-सात असतील असा त्याचा अंदाज होता, निघाले एकेचाळीस. मूळचे काय होते, हे बाईंनी विचारलं. ते चिठोऱ्यांबरोबर कचऱ्यात गेले होते. माझी मापं चुकत होती म्हणून बदलली, एवढंच त्याने खाली लिहिलं. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

समितीने त्याला घरी पाठवलं नाही. चौदाही आठवड्यांचं काम रद्द झालं आणि पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं. घरी त्याने अभ्यासक्रम लांबला एवढंच कळवलं.

सोमवारी तो तळघरात उतरला तेव्हा चौथी मोजपट्टी काढून टेबलावर ठेवलेली होती. तिसऱ्या आठवड्याच्या आधी सुट्टीत पन्हळ धुणाऱ्यांनी ती परत बसवताना तीन मिलिमीटर खाली बसवली होती, म्हणून माप तेवढंच जास्त यायचं. बाईंना हे कळलं ते शेजारणीच्या वहीवरून. ती वही तिथेच उघडी होती. त्यात पानोपान चौथ्या ठिकाणचं जास्तीचं माप जसंच्या तसं लिहिलेलं होतं आणि प्रत्येकापुढे कोंबडीच्या पायांत एकच शब्द होता, ‘का?’ छापखान्याने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे त्याने खाली ओढलेले आकडे जवळजवळ बरोबरच होते. एकेचाळिसांतला एकही आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता. समितीपुढे वाटली नव्हती एवढी लाज त्याला इथे वाटली.

बाई भिंतीवर लावायची सूचना लिहीत होत्या. चूक कुणी शोधली, तेही त्यात लिहायची पद्धत होती.

“मॅडम, मलाही दिसलं होतं हे,” तो म्हणाला. “तिसऱ्या आठवड्यातच.”

“कुठे लिहिलंयस? सांग, तुझंही नाव घालते.”

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. शेजारणीच्या नावाखाली एका ओळीची जागा होती, आणि त्या खरोखरच पेन उघडं धरून थांबल्या होत्या.

“राहू द्या, मॅडम,” तो म्हणाला.