पास्टोरल अक्का

शाळेने महानंदा अक्कांना स्वतंत्र खोली दिली होती. थंड हवेचं यंत्र, दोन मऊ खुर्च्या, कोणी रडलंच तर असावा म्हणून कागदी रुमालांचा डबा आणि दारावर इंग्रजीत पाटी. अक्का त्या खोलीत कधी बसल्या नाहीत. सकाळी आत पिशवी ठेवायच्या आणि मैदानाच्या कडेला पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या. दिवसभर तिथेच. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सर, अडचण आली म्हणून लेकरू येत न्हाई. तहान लागली की येतंय. मग मी कुठं बसू, सांगा."

मी त्या शाळेचा अभ्यासक्रम समन्वयक होतो. शाळा आंतरराष्ट्रीय होती, म्हणजे सीमाभागातल्या हुमनाबादहून हळ्ळीखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिन्ही बाजूंनी तुरीच्या शेतांच्या मध्ये. फाटकावर बारा देशांचे झेंडे होते. त्यातला एक कोणत्या देशाचा हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, पण शिवून आला होता म्हणून लावला. अध्यक्षसाहेबांची डाळ मिल होती. "दर्जा म्हणजे काय ते मला डाळीनं शिकवलंय," असं ते प्रत्येक सभेत सांगत, आणि आम्ही शिक्षक मान डोलवत असू.

परदेशी मंडळाची मान्यता कायम ठेवायची तर अटींची लांबलचक यादी पुरी करावी लागे. त्यात एक अट 'पास्टोरल केअर' अशी होती. साहेबांनी मला शब्दकोश काढायला लावला. मी वाचलं, "मेंढपाळासंबंधी."

"आपल्याकडं मेंढरं कुठं हायत?" साहेब म्हणाले.

मी समजावलं की इथे याचा अर्थ विद्यार्थ्यांची विचारपूस, त्यांच्या मनाला आधार. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग एखादी बाई ठेवा. फोटोत बरं दिसतंय."

अशा रीतीने अक्का आल्या. दुबलगुंडीच्या, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. बसवण्णांना मानणारं घर. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी. इंग्रजी ऐकून समजे, बोलत नसत. मी त्यांना पदाचं नाव आणि त्याचा शब्दकोशातला अर्थ गमतीने सांगितला, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर हाय की. मेंढपाळ काय करतंय? शिकवत न्हाई, भाषण देत न्हाई. मोजतंय. कोण आलं, कोण न्हाई आलं, कोण लंगडायलंय. शिकवायला तुमी हाव. मी मोजते."

मला ते अडाणी वाटलं. माझ्याकडे शास्त्रशुद्ध साधनं होती. मी एक तक्ता केला होता, त्यावर सात चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मुलांनी रोज सकाळी आपल्या भावनेसमोर खूण करायची. सगळी मुलं हसऱ्या चेहऱ्यावर खूण करत, कारण रडक्यावर केली की वर्गशिक्षकांना चार पानांचा अर्ज भरावा लागे आणि मग ते मुलावर चिडत. महिन्याच्या शेवटी मी त्याचा रंगीत आलेख काढी. आलेख हिरवागार येई, आमच्या तुरीपेक्षाही हिरवा. अक्कांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, ह्यात उगं हसायलेलं तोंड कोणतं?"

दहावीच्या मुलांना 'जागतिक प्रश्न' या विषयावर प्रकल्प असे. आमच्या मुलांनी पेंग्विन निवडले, हिमनद्या निवडल्या, एकाने तर मंगळावरच्या पाणीटंचाईवर चाळीस पानं लिहिली. श्रीदेवी नावाची एक मुलगी होती, आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याची, वसतिगृहात राहणारी, वर्गात पहिली. तिने वितळणाऱ्या बर्फावर इतकं सुंदर सादरीकरण केलं की तिच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्का मागच्या बाकावर होत्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "पोरगी बर्फासाठी रडली म्हणता? मला न्हाई तसं वाटलं. ती कंबर धरून उभी होती."

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सर, पोरी पाणी पिईनात."

"म्हणजे?"

"पोरं येतेत, ढसाढसा पितेत, डोक्यावर ओततेत. पोरी टाकीकडं फिरकत बी न्हाईत. मी एकेकीला इचारलं, कामून ग? कोणी सांगंना. मग एक बारकी बोलली. पाणी पिलं तर जावं लागतंय म्हणली."

प्रकरण असं होतं. मुलींचं नवं स्वच्छतागृह बांधून तयार होतं, पांढऱ्या फरशीचं, आरशांचं. मंडळाचे तपासनीस यायचे होते आणि तोवर ते वापरून खराब होऊ नये म्हणून त्याला कुलूप होतं. जुन्याच्या दोन्ही दारांना कड्या नव्हत्या. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, तेही शेजारून मुलं जात-येत असताना. त्यापेक्षा मुली तहान मारत. सकाळी आठ ते दुपारी चार, वसतिगृहही तेवढा वेळ बंद. आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती.

मी अक्कांना म्हणालो, तपासणी झाली की उघडू, थोडेच दिवस आहेत. त्या पुन्हा आल्या. मी म्हणालो, रीतसर नोंद करू या. आणि त्यांना अर्ज दिला. त्यांनी तो मराठीत भरला. 'समस्येचं स्वरूप' या रकान्यात एकच शब्द होता : 'कुलूप'. मी त्याचं इंग्रजीत 'सुविधांच्या उपलब्धतेसंबंधी आव्हान' असं भाषांतर करून फाईलला लावलं. ती फाईल फार देखणी झाली होती.

त्याच आठवड्यात श्रीदेवी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. अंगात ताप, पाठीत कळा. हुमनाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तिला घेऊन गेलेल्या अक्कांनाच झापलं. लघवी तुंबवून संसर्ग झाला होता, तो मूत्रपिंडाकडे सरकत होता. "पाणी पाजत नाही का पोरींना?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. शांत माणूस. आवाज चढवला नाही, हात जोडूनच बोलले, आणि म्हणूनच जास्त लागलं. "अक्का, पोरगी शिकावी म्हणून इतक्या लांब ठिवली. आता नेतो. शिकली तेवढी बास."

श्रीदेवी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती.

अक्का म्हणाल्या, "अप्पा, तुमचं खरं हाय. मी बी माझ्या पोरीला इथं ठिवली नसती. पर तासभर बसा. तासाभरानं बी तुमाला वाटलं, तर मी सोता तिला गाडीत बसवते."

त्या उठल्या आणि थेट क्रीडासाहित्याच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदरात काहीतरी जड धरलेलं होतं. मधली सुट्टी होती, सगळी शाळा मैदानावर. अक्का नव्या स्वच्छतागृहापाशी गेल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी लोखंडी गोळा उचलून कुलपावर आदळला. गोळाफेकीचा. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसरा घाव बसला. साहेब कार्यालयाच्या पायऱ्यांवर आले आणि "अहो बाई! अहो फरशी!" म्हणून ओरडायला लागले. तिसऱ्या घावाला अक्कांचं बोट चेमटलं, तरी त्यांनी गोळा सोडला नाही.

मी दहा पावलांवर उभा होतो. किल्ली माझ्या खिशात होती. हाताला लागत होती. साहेब माझ्याकडे पाहत होते, आणि मी अक्कांकडे पाहत राहिलो.

चौथ्या घावाला कोयंडा उखडला. अक्का दारातून बाजूला झाल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "जावा ग लेकींनो. आन् मग पाणी प्या, पोट भरून."

मग ती बारकी पळत आली, तिच्यामागे दोघी, आणि मग अशी झुंबड उडाली की आमच्या क्रीडादिनालाही कधी उडाली नव्हती.

श्रीदेवीचे वडील हे सगळं व्हरांड्यातून पाहत होते. ते अक्कांजवळ गेले, त्यांच्या रक्ताळलेल्या बोटाला आपला रुमाल बांधला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. अक्कांनी मान हलवली. ते एकटेच गावी परतले.

तपासनीस आले, दोघे, एक गोरे आणि एक पुण्याचे. कोयंडा बसवून घ्यायला सवड झाली नव्हती. गोऱ्यांनी उखडलेल्या चौकटीकडे बोट दाखवलं. साहेब क्षणभरच गांगरले, मग छाती पुढे काढून म्हणाले, "ओपन डोअर पॉलिसी, सर." दोघांनी ते लिहून घेतलं. अहवालात आमच्या 'मुक्तद्वार संस्कृती'चं खास कौतुक आलं. साहेबांनी तो परिच्छेद चौकटीत घालून कार्यालयात लावला आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तुटक्या दाराशेजारी स्वतःचा फोटो छापला. तपासनिसांना मी माझा हिरवा आलेखही दाखवला. तोही त्यांना आवडला.

श्रीदेवीने परीक्षा दिली. आता ती कलबुर्गीला विज्ञान शिकते.

अक्कांना मात्र वर्षअखेरीस मोकळं करायचं ठरलं. अहवाल चांगला आला म्हणून तोवर कुलपाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. काढून टाकलं तर बोभाटा होईल म्हणून त्यांनीच राजीनामा द्यावा, असं साहेबांनी सुचवलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचून कळेल त्याच भाषेत सही करीन, असं अक्का म्हणाल्या होत्या, म्हणून मी मराठीत लिहिला, स्वतःच्या हाताने, दोनच ओळी. 'वैयक्तीक कारणास्तव मी पदाचा राजीनामा देत आहे.'

अक्कांनी चष्मा लावून तो वाचला. मी काही बोलू पाहत होतो. निदान एवढं तरी, की त्या दिवशी मी पुढे यायला हवं होतं. त्याऐवजी मी सहीची जागा दाखवली. अक्कांनी माझ्याच टेबलावरचं लाल पेन उचललं, 'वैयक्तीक' मधली माझी दीर्घ वेलांटी खोडली, वर ऱ्हस्व काढली आणि खाली ठसठशीत सही केली.

कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "खोटंच लिवायचं हाय तर निदान शुद्ध तरी लिवा, सर. लेकरं वाचतेत."