बाबांच्या पेल्यातला चहा

ऐन दिवाळीत सोलापूर सोडून निजामाच्या मुलखात जाणारा माणूस बहुधा लग्न जमवायला तरी जातो किंवा कोर्टकचेरीला. मी निघालो होतो एका अत्ताराचं तोंड बघायला. भाऊबीज हे निमित्त होतं.

आमचं सोलापुरात काष्ठौषधींचं दुकान आहे. बाबांच्या वेळेपासून आम्ही चहाचा मसाला करतो. सुंठ, मिरी, वेलदोडे, दालचिनी, लवंग आणि जायफळ किती नि कसं भाजायचं हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. बाबा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. धाकटी बहीण गिरजा जळकोटला दिलेली. तिला सासरी जाताना बाबांनी आपला पितळी पेला दिला होता, कारण लहानपणी खोकला झाला की ती त्याच पेल्यातून काढा प्यायची. मला दुकान आणि तिला पेला, अशी आमची वाटणी झाली आणि ती मला तेव्हा अगदी रास्त वाटली होती.

पुढे गिरजेला दमा जडला आणि दिवाळीला तिचं माहेरी येणं थांबलं. मी तिला मसाल्याच्या पुड्या पाठवायचो. तिचे यजमान शंकरराव मालखरेदीला सोलापूरला यायचे, तेव्हा मी विचारायचो, मसाला लागू पडतो का? ते म्हणायचे, “पोचला बरं का मसाला. पण तिला अब्बासभाईंचाच चहा सोसतो.” हे अब्बासभाई जळकोटचे अत्तार, म्हणजे सुगंधी तेलं, कुंकू आणि जडीबुटी विकणारे. पुढे कळलं की गिरजा भाऊबीजेला त्यांना ओवाळते. हे ऐकल्यापासून मला दुकानात वेलदोडे सोलतानासुद्धा चैन पडेना. सख्खा भाऊ, त्यातून काष्ठौषधीवाला, जिवंत असताना बहिणीनं दुसऱ्याच्या पुड्यांवर श्वास घ्यावा? मी ठरवलं, या खेपेला तिला थंडीपुरती सोलापूरला आणायची आणि माझ्याच मसाल्यानं बरी करायची.

लढाईचे दिवस आहेत. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात. आमच्या मोटारीच्या पाठीला बंबासारखी टाकी होती आणि चढ आला की क्लीनर उतरून तीत सळई खुपसायचा. तेवढ्यात उतारू खाली उतरून अंगावरची काजळी झाडून घ्यायचे. दोन्ही बाजूंना काळं रान पसरलेलं, तूर पिवळी फुललेली, शाळू घोट्याएवढा आलेला. सोलापूरच्या गिरण्यांच्या भोंग्यांना विटलेल्या माणसाला ते बरं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं, या अत्ताराला हवासुद्धा चांगली मिळाली आहे.

हद्दीवरच्या नाक्यावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. माझ्या पिशवीतला मसाल्याचा डबा त्यानं नाकाशी धरला आणि त्याचा चेहरा खुलला.

“अच्छा माल है,” तो म्हणाला. “जळकोटके अत्तारका दिखरा.”

मी त्याला सांगितलं की हा माल सोलापूरचा आहे आणि जळकोटला चाललेला आहे. त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

नळदुर्गला मोटार बराच वेळ थांबली. किल्ल्याचे बुरूज आणि खालून वाहणारी बोरी नदी बघण्याजोगी आहे, असं लोक सांगतात आणि ते खरंच आहे. मी मात्र आधी रस्त्यावरच्या हॉटेलात शिरलो. साखर मिळत नव्हती म्हणून चहा गुळाचा होता, आणि दूध चुलीवरच घातल्यानं तो फाटला होता. वरती ओव्याचा वास येत होता. मी हॉटेलवाल्याला विचारलं, “मसाला जळकोटचा का?”

“न्हाय जी, घरचाच हाय,” तो म्हणाला. माझी थोडी निराशा झाली. तो चहा जळकोटच्या अत्ताराचा निघाला असता तर मी आणखी एक कप मागवला असता.

जळकोट हमरस्त्यालाच आहे. मोटारीतून उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. गिरजा दारातच उभी होती. वाळली होती, पण उभी होती आणि हसत होती. मी मनाशी तिला अंथरुणाला खिळलेली धरून आलो होतो.

“कवाधरनं वाट बघायलेव,” ती म्हणाली. “मोटार लई उशिरा आली की रं दादा.”

आमच्या घरी कुणी असं बोलत नसे. तिची बोलीही या गावानं घेतली होती. मी हातपाय धुऊन ओसरीवर बसलो. तिनं आतून चहा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. निळ्या फुलांचा, चिनी मातीचा कप, बशीसकट.

वाचकांना सांगायला हवं की आमच्या घराण्यात चिनी मातीचा कप घरच्या माणसाला देत नाहीत. घरची माणसं पितळेच्या, काशाच्या भांड्यातून पितात. कप असतो तो परक्यासाठी, परजातीच्या पाहुण्यासाठी. तो बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो. मी त्या कपाकडे बघत राहिलो. शंकरराव बाजारच्या गप्पा सांगत होते, त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

चहा मात्र चांगला होता. हे लिहिताना आजही मला कष्ट होतात. गवती चहाचा वास आधी यायचा, मग ज्येष्ठमधाचा गोडवा, आणि सुंठ इतकी हळू की घशाखाली गेल्यावर कळायची. मिरी नव्हतीच. दूध चहा चुलीवरून उतरवल्यावर घातलेलं, त्यामुळे गूळ असून चहा फाटला नव्हता. मी म्हटलं, “मिरीशिवाय चहा म्हणजे पाणचट.” आणि कप रिकामा केला.

तेवढ्यात दारात खोकून कुणीतरी आत आलं. उंच, पांढऱ्या दाढीचा, डोक्याला गोंड्याची लाल टोपी, आणि अंगाला हिना आणि सुंठ यांचा मिळून वास. हेच अब्बासभाई. ते सरळ ओसरीच्या खांबाला टेकून बसले, जणू खांब त्यांच्यासाठीच रोवला होता. गिरजेनं आतून चहा आणला आणि त्यांच्या हातात दिला.

तो बाबांचा पेला होता. काठाला तीच पोच, बुडाशी तेच ठिपक्यांनी घातलेलं बाबांचं नाव. मला परक्याचा कप, आणि परक्याला माझ्या बापाचा पेला!

“तुम्हीच का ते सोलापूरचे?” अब्बासभाईंनी मला आपादमस्तक पाहून विचारलं.

“मीच,” मी म्हणालो. त्यापुढे आमच्यात त्या दिवशी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी गिरजा स्वयंपाकात होती म्हणून मी बाजारात गेलो आणि पाय आपोआप अत्ताराच्या दुकानाकडे वळले. दुकान एवढंसं, पण भिंतभर डबे. अब्बासभाई मुलेठीचे (ज्येष्ठमधाचे) तुकडे कातरत होते. मी आडून आडून विचारण्याचा प्रयत्न केला, पण मला ते जमत नाही. शेवटी सरळच विचारलं, “गिरजेच्या चहात तुम्ही काय काय घालता?”

ते चिडलेच. “आन् तुम्ही काय घालता ते सांगता का? दहा बारी बाईला विचारलं. तुमची पुडी आली की बाई डब्यात ठिवत्यात. दम लागून जीव घाबरा झाला की डबा उघडून वास घेत्यात आन् झाकण लावत्यात. मला हात लावू देत न्हायत. अत्तार म्या हाय का तुम्ही?”

“वास घेते? पीत नाही?”

“मिरी सोसत न्हाय तिला. पण म्हणती, दादाच्या दुकानाचा वास हाय. मंग आमचा चहा काय घोड्याला घालायचा?” त्यांनी कातर खाली ठेवली. “दर भाऊबीजेला म्या सकाळीच न्हाऊन, टोपी झटकून जातो. बाई म्हणत्यात, थांबा अब्बासभाई, दादाची मोटार ईल. तुमचा पत्ता न्हाय. दुपार टळती, पोटात कावळे वरडत्यात. दादा ईना म्हणल्यावर मंग माझी पाळी. पाट बी त्योच, तुमच्यासाठी मांडल्याला.”

मी इतके दिवस या माणसाचा हेवा करत होतो आणि हा तेवढेच दिवस माझा हेवा करत होता. माणूस चांगला असता तर मला त्याची दया आली असती, पण तो माझ्यासारखाच होता. मला मनातून फार बरं वाटलं. मी त्यांच्याकडून उगाचच थोडी सौंफ (बडीशेप) घेतली.

दुपारी गिरजेनं मला आधी ओवाळलं, मग त्यांना. अब्बासभाई पाटावर बसताना माझ्याकडे बघत होते आणि मीही त्यांच्याकडे. जेवणाला गूळपोळी आणि हुलग्याचं माडगं होतं. जेवून मी विषय काढला.

“गिरजे, आवर. उद्याच्या मोटारीनं माझ्याबरोबर चल. थंडीभर राहा.”

ती चुलीकडे गेली आणि चहा घेऊन आली. माझ्यासमोर पुन्हा तोच निळ्या फुलांचा कप, अब्बासभाईंच्या हातात पेला. मग मात्र मला राहवलं नाही.

“मला यात नको.”

“का रं? तडा गेलाय का?”

“मला बाबांच्या पेल्यात दे. परक्यासारखा कप कशाला माझ्यापुढे?”

गिरजा बघतच राहिली. “अरं, सोलापुरात आता घरची माणसं बी कपातच पित्यात असं ऐकलं म्हणून ह्यांना नळदुर्गला धाडून तुझ्यासाठी आणलाय म्या. घरात दुसऱ्या कुणाला शिवू दिला न्हाय.” मग ती खाली बसली आणि जरा दम घेऊन म्हणाली, “पेला अब्बासभाईंचा हाय आता. मागल्या पावसाळ्यात माझा दम कोंडला. हे बाहेरगावी. नदीला पाणी, वाट बंद. अब्बासभाईंनी माझ्या चुलीवर काढा केला, ह्या पेल्यात वतला, पोळंल म्हणून आधी सोता घोट घेतला आन् मंग माझ्या तोंडाला लावला. ती दुपार मी काढली ती त्या घोटांवर. त्याच्यानंतर त्यांच्यासाठी वेगळा कप ठिवू? रोज येत्यात. मी पिताना माझा श्वास ऐकत्यात. छातीत घरघर असली की सुंठ वाढवायची, नसली की कमी. मी सोलापूरला आले तर माझा श्वास कोण ऐकंल? तू दुकानात असणार.”

हे खरं होतं. मग अब्बासभाईंनी हातातला पेला माझ्यापुढे धरला. अर्धा प्यालेला होता.

“अर्धा हाय,” ते म्हणाले. “चालतो का?”

मी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला. परजातीच्या माणसाच्या हातचं पाणीही आमच्या घरात कुणी प्यालेलं नाही, उष्टं तर लांबच. उष्टं फक्त भावंडांचं खातात. ज्या पेल्यासाठी कालपासून जीव जळत होता तो समोर आला आणि माझा हात मांडीवरून उठेना. अब्बासभाई माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की मी नाही म्हणावं अशी त्यांची इच्छा आहे. नाही म्हटलं की पेला कायमचा त्यांचा.

ते मला सहन झालं नाही. मी पेला घेतला आणि तळापर्यंत प्यालो. माझं मन मोठं झालं असं कुणी समजू नये. सोवळं मागं राहिलं आणि हेवा पुढं गेला, एवढंच. ज्येष्ठमध तळाशी बसला होता. शेवटचा घोट सगळ्यात गोड होता.

अब्बासभाईंनी मग माझा निळ्या फुलांचा कप उचलला आणि त्यातला चहा बशीत ओतून ते फुंकर मारत प्याले. “कप चांगला हाय,” ते म्हणाले. गिरजा हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि आम्ही दोघेही एकदमच तिच्याकडे वाकलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो. मोटारीपर्यंत पोचवायला गिरजा आणि अब्बासभाई दोघे आले होते. अब्बासभाईंनी मला मुलेठीची पुडी दिली. मी माझा मसाल्याचा डबा गिरजेला दिला आणि अब्बासभाईंना सांगितलं की त्यात मिरी किती ते मी सांगणार नाही. मोटार सुटली तेव्हा ते दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते आणि अब्बासभाई डब्याकडे बघत होते.

नाक्यावर त्याच शिपायानं पिशवी उघडली, पुडी हुंगली आणि विचारलं, “सोलापूरका माल?” मी म्हटलं, “नाही. जळकोटके अत्तारका.” एवढं बोलायला मला जड गेलं, पण बोललो.

मुलेठीच्या त्या पुडीचा चहा घरी दोन-तीनदा करून पाहिला. तो तसा होत नाही. सुंठ किती घालायची हे कुणाच्या श्वासावरून ठरवावं लागतं आणि आमच्या घरात सगळ्यांची छाती ठणठणीत आहे. तेव्हा त्या चहाची बरोबरी करण्याचा नाद मी सोडला. पेल्याचा मात्र नाही सोडला.

गेल्या आठवड्यात मी कासाराकडून एक नवा पितळी पेला घेतला. जाड बुडाचा, बाबांच्या पेल्यापेक्षा घसघशीत. पुढच्या भाऊबीजेला तो अब्बासभाईंना द्यायचा, म्हणजे बाबांचा माझ्यासाठी मोकळा होईल. कासारानं विचारलं, नाव कुणाचं घालू? मी अब्बासभाईंचं सांगितलं. ठिपके मारता मारता त्यानं वर पाहिलं.

“हे कोण लागतात तुमचे?”

“लागत कुणी नाहीत,” मी म्हणालो. “वाटेकरी आहेत.”