थायलंडमधली अलाबला

जायच्या आधी घरात मी तीन ढीग लावले होते: न्यायचं, ठेवायचं आणि आईने कळव्याहून आणून मध्येच घुसवलेलं. तिसरा ढीग रोज वाढत होता. मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक पितळी निरांजन. ते मी दोनदा बाहेर काढलं, तिने दोनदा परत ठेवलं.

डोंबिवलीतल्या ज्या शाळेत मी इतकी वर्षं ज्युनिअर केजीला शिकवलं, तिथल्या मैत्रिणीने निरोपाच्या दिवशी विचारलं, "म्हणजे एवढं विमानाने जाऊन परत ए फॉर ॲपलच?"

"हो."

"मग इथलं ॲपल काय वाईट होतं गं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण माझ्या जागी नवी बाई आधीच रुजू झाली होती, आणि थायलंडमधल्या त्या छोट्या गावच्या शाळेने मला फक्त महिनाभर आजमावायला घेतलं होतं. शेवटी मुख्याध्यापिका माझा एक तास बघणार. पसंत पडला तर वर्षभर, नाहीतर परतीचं तिकीट. पन्नाशीला टेकलेल्या बाईने नापास होऊन परत यायचं आणि ह्याच सगळ्या जणींना तोंड दाखवायचं, ही धास्ती मी नवरा सोडून कोणाला सांगितली नाही. तो म्हणाला, "अगं, जाऊन तर ये. आलीस परत तर आलीस."

माझी तयारी पक्की असते. चित्रांचे पत्ते लॅमिनेट केलेले, रंग वेगळे, फळं वेगळी, प्रत्येक गठ्ठ्याला रबर. तरी पहिल्याच दिवशी घोळ झाला.

मी पिवळा पत्ता दाखवला. दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी उठून खणखणीत "यलो" म्हणाली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. तिच्या डोक्यावरून फिरले, गालांवरून खाली आले आणि माझ्याच कानशिलांवर मी कडाकडा बोटं मोडली. आपल्याकडे हे कोणी विचार करून करत नाही. आई तर कळव्याच्या चाळीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराची अलाबला घ्यायची, नाक गळत असलं तरी. तिचंच बघून मी उचललं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जेवणाच्या सुट्टीत वर्गातल्या मदतनीस मुलीने मला बाजूला घेतलं. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण मुद्द्याचं.

"टीचर, डोकं नाही."

"म्हणजे?"

"डोकं सगळ्यात वरचं. आई हात लावेल, आजी लावेल. नवीन माणूस नाही. आणि आजी बघत होती."

त्या वेण्यांवालीची आजी तिला सोडून घरी जायचीच नाही, व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायची. ती तडक मुख्याध्यापिकेकडे गेली होती. मी त्याच दुपारी आजीसमोर हात जोडले. तिने मान हलवली, पण बाक काही सोडला नाही.

त्यानंतर मी हात मागे बांधून शिकवायला लागले. तास पुढे सरकायचा, पण त्यात जीव नसायचा. तेव्हा लक्षात आलं की डोंबिवलीत मी निम्मं तोंडाने आणि निम्मं हाताने शिकवत होते. तिथली पोरं सकाळी चप्प तेल लावून यायची. मधल्या सुट्टीपर्यंत माझे तळवे खोबरेलाने चिकट, त्यावर कोणाकोणाची पावडर आणि खडूची धूळ. कितीदा वैतागून मी नळावर हात धुतले असतील! इथे दिवसभर हात कोरडे ठणठणीत राहायचे आणि मला ते सहन होत नव्हतं.

महिना संपला. मुख्याध्यापिका येऊन मागच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी फळं होती. मी आंब्याचा पत्ता धरला. वेण्यांवाली उठली, "मँगो" म्हणाली आणि खाली बसायच्या ऐवजी दोन्ही मुठी स्वतःच्या कानशिलांवर टेकवून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी मदतनीस मुलीकडे बघितलं. तिने मुख्याध्यापिकांकडे. मग मी जागेवरूनच, चार हात लांबून, हवेत तिच्या चेहऱ्यावरून हात उतरवले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड! ती समाधानाने बसली. लगेच पुढचा उठला, "पपाया", आणि मुठी कानशिलांवर. मग रांगच लागली. शेवटी माझी बोटं वाजेनाशी झाली, तेव्हा मी जिभेने टक् केलं. एका जाड्या पोराला ते मुळीच पटलं नाही, त्याने मला पुन्हा मोडायला लावली.

तास संपल्यावर आजी आत आली आणि तिने काहीतरी विचारलं.

मदतनीस म्हणाली, "विचारते, हे कशाला?"

"मुलांना नजर लागू नये म्हणून."

हे ऐकल्यावर आजी बराच वेळ बोलली. भाषांतर छोटंसंच आलं: "आजी म्हणते, आम्ही बाळाला कुरूप म्हणतो. म्हणजे भूत नेत नाही." आणि आजीने नातीकडे बोट दाखवून तो शब्द लाडाने उच्चारला. नात खुदकन हसली.

मुख्याध्यापिका उठल्या. "सोमवारपासून मोठा गटही तुम्हीच घ्या," म्हणाल्या. "वर्षभर."

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. "अरे, ठेवून घेतलं मला. वर्षभर."

"वा!" तो म्हणाला. "वर्षभर म्हणजे पूर्ण वर्ष?"

"हो."

"बरं. मग भाताला पाणी किती घालायचं ते एकदा नीट सांग. परवा खीर झाली."

"तांदळाच्या वर बोटाचं एक पेर."

"ते झालंय सांगून. माझ्या पेराने खीरच होते. तुझं बोट तर तिकडे."