मौनाचा उपवास

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, चर्चमध्ये फादरांपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण — कारण आता कुणाला तरी सांगायलाच हवं.

अंधेरीच्या गावठाणात, चर्चच्या मागे आमचं घर. ती पन्नासनंतरची वर्षं. मी शाळेत शिकवायची. पहाटे विहिरीचं पाणी, मग चूल, मुलींच्या वेण्या, शाळा, आल्यावर सासूचं औषधपाणी, तपासायच्या वह्या — स्वतःचं म्हणून काही उरायचंच नाही. त्या वर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो त्या दिवशी, फादर म्हणाले, मटण-मासळी सगळेच सोडतात. ज्याने त्याने आपल्या मनाचं काहीतरी देवाला द्यावं. मी ईस्टरपर्यंत दुपारचं मौन धरलं. शाळेतून आले की संध्याकाळची घंटा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. कुणी काही मागेनासं झालं. सासू शेजारणींना कौतुकाने सांगायची. फादरांनी तर प्रवचनात माझा दाखला दिला — नाव न घेता, पण सगळ्यांनी वळून माझ्याकडेच पाहिलं. मी मान खाली घातली. नम्रपणे? छे. चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून.

आणि मग ती दुपार —

माझी धाकटी बहीण तेरेजा मुलुंडला दिलेली. नवरा कारखान्यात. दारूबंदी होती, पण त्याला हातभट्टीची मिळायची, आणि प्यायला की त्याचा हात उठायचा. आम्हाला माहीत होतं. माहीत असून काय केलं आम्ही? मेणबत्त्या लावल्या.

ती ओसरीवर येऊन उभी राहिली. हातात कपड्यांची पिशवी, ओठ सुजलेला. सासू आत झोपली होती, मुली बाहेर खेळत होत्या.

"बाय, थोडे दिवस राहू दे मला इथं," ती म्हणाली. "तो शांत होईपर्यंत."

मी ओठांवर बोट ठेवलं. भिंतीवरच्या क्रुसाकडे दाखवलं.

"मौन आहे तुझं? मग मानेनं सांग ना गं. राहू की जाऊ?"

मान हलवली असती तर मौन मोडलं नसतं. पण मी — मी जपमाळ घेतली आणि तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले. मनात काय होतं? दोन खोल्या. सासूची बोलणी. तो पिऊन दाराशी आला तर गावठाण काय म्हणेल. एवढंच. देव त्यात कुठेही नव्हता. बऱ्याच वेळाने मागे पाहिलं, तर ओसरी रिकामी.

आणि मौन तरी कुठे धड होतं? त्याच दुपारी, ती यायच्या थोडं आधी, वाळत घातलेल्या पापडांत शेजारची बकरी शिरली, तेव्हा मी घसा फोडून ओरडले होते. बकरीसाठी मोडलं होतं मी ते.

ईस्टरच्या आधी कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेले, तेव्हा फादरांना ती बकरी सांगितली. जाळीपलीकडे ते हसले असावेत. तेरेजाचं नाव घेतलं नाही. पुढे आईने विचारलं, "तेरेजा आली होती का गं तुझ्याकडे?" मी "नाही" म्हणाले.

आमच्याकडून ती परत गेली, त्याच दिवशी त्याने तिच्या डाव्या कानावर मारलं, हे मला पुढे तिच्या शेजारणीकडून कळलं. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लोकांना ती सांगायची, लहानपणी कान फुटला होता. कार्यात भेटायची, हसायची, उजवा कान माझ्याकडे करून माझं सगळं ऐकून घ्यायची. स्वतःचं मात्र तिने पुन्हा कधी काही सांगितलं नाही. त्याच नवऱ्याबरोबर, त्याच घरात आयुष्य काढलं.

गेल्या वर्षी ती आजारी पडली — शेवटचीच. मी मुलुंडला गेले. तिच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना जागा होती. मी तिच्या डावीकडे बसले. कुठे बसतेय, हे मला नीट ठाऊक होतं. त्या कानाशी वाकून मी सगळं बोलले — ओसरी, जपमाळ, बकरी, सगळं.

ती वर छताकडे पाहत होती. मग तिने हळूच मान वळवली.

"काय म्हणालीस गं बाय? या बाजूनं सांग."

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी हवंय का, विचारलं."